बाभळीला बांधलेला माणूस

पूर्णेच्या काठावरची ती सकाळ आजही डोळ्यांपुढून हलत नाही. पोलीस खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला बऱ्याच गोष्टी विसराव्याच लागतात, नाहीतर घशाखाली घास उतरत नाही. ही गोष्ट विसरण्याचा मी कधी प्रयत्नही केला नाही.

मी तेव्हा अकोला जिल्ह्यातल्या एका ग्रामीण पोलीस ठाण्याचा ठाणेदार होतो. आता अमरावतीला घरी असतो. सकाळी फिरायला जातो, पेपर वाचतो आणि बायकोच्या म्हणण्याप्रमाणे दूधवाल्यापासून जावयापर्यंत सगळ्यांची उलटतपासणी घेतो. या प्रकरणातली माणसं अजून गावात नांदताहेत, म्हणून नावं लिहीत नाही. ते दोघे चुलत भाऊ. एकाला थोरला म्हणतो, दुसऱ्याला धाकटा.

त्यांचं गाव हिवरखेडच्या बाजूचं. आमच्याकडे श्रावणातल्या सोमवारी कावड निघते. लांब बांबूच्या दोन टोकांना पाण्याची भांडी बांधायची, त्यांना भरणे म्हणतात. अनवाणी पूर्णा नदीवर जायचं, भरणे भरायचे, बांबू खांद्यावर घेऊन गावी परतायचं आणि ते पाणी महादेवाच्या पिंडीवर घालायचं. या दोघांच्या घरची कावड त्यांच्या आजोबांच्या काळापासूनची. एक माणूस पुढे, एक मागे. पुढचा खांदा घरातल्या कर्त्या पुरुषाचा, हा मान. आजोबा होते तोवर ते पुढे असत. ते गेले आणि पुढे कोण, हा वाद उभा राहिला. थोरला म्हणे, मी वयानं मोठा. धाकटा म्हणे, म्हाताऱ्याचं शेवटचं आजारपण मी काढलं, मान माझा.

बाहेरच्या माणसाला हे वाचून हसू येईल. मला येत नाही. नोकरीत मी जेवढी डोकी फुटलेली पाहिली, त्यातली बरीचशी अशाच कारणांनी फुटलेली होती. शेताच्या बांधावरून भांडण झालं तर मोजणी करता येते. मानाची मोजणी कोण करणार?

त्या वर्षी देवळासमोर कावड उचलायच्या वेळी धाकटा पटकन पुढच्या टोकाखाली शिरला. वाटेत विसाव्याला कावड टेकवण्यासाठी सोबत एक जाड काठी असते. थोरल्यानं तीच काठी मागून त्याच्या डोक्यात घातली. धाकट्यानं त्याला पाहिलंही नव्हतं. कवटीला तडा गेला. अकोल्याच्या दवाखान्यात तो मरता मरता वाचला, पण डावा हात कामातून गेला. मूठ वळेना, वजन पेलेना. थोरला त्याच दिवशी पळाला. तेव्हाच्या कलम ३०७ प्रमाणे खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल झाला, आरोपी फरारी दाखवून दोषारोपपत्र गेलं. रक्ताची काठी आणि रक्त उडालेली कावड, दोन्ही मुद्देमाल म्हणून ठाण्यात जमा झाली.

हे सगळं माझ्या आधीच्या ठाणेदाराच्या काळातलं. मी चार्ज घेतला तेव्हा मुद्देमालाच्या खोलीत ती कावड भिंतीला उभी होती. पडताळणी करताना एक भरणा सोडून पाहावा म्हणून मी गाठीला हात घातला, तर नख मोडलं तरी गाठ सुटेना. दोरी बांबूला दोन वेढे घेऊन स्वतःच्याच पोटाखालून उलटी गेलेली. मी पुष्कळ गाठी पाहिल्या आहेत, बैलगाडीच्या, पाळण्याच्या, नको त्या फासाच्याही. ही वेगळीच होती. पुढे धाकट्यालाच विचारलं, तेव्हा त्यानं सांगितलं, "आजोबाची गाठ हाय साहेब. जेवढं वजन येईन तेवढी आवळते. त्यायनं आमाले दोघालेच शिकोली. माह्यानं आता नाई होत, तिले दोन हात लागतात."

धाकटा ठाण्यात वरचेवर येई. बाकावर बसे, चहा दिला तर घेई, आणि एकच विचारी, "भेटला का जी तो?" आमची माणसं थोरल्याच्या घरी कितीदा जाऊन आली. त्याची बायको दारात उभी राहून "मले नाई माहीत" एवढं म्हणे आणि आत जाई. ती एकटी शेत ओढत होती. कोणी म्हणे तो वरूडला संत्र्याच्या गाड्या भरतो, कोणी म्हणे मेळघाटात धारणीकडे जीपवर असतो. आम्ही जाईपर्यंत तो तिथून हललेला असे.

मग एका श्रावणी रविवारी धाकटा आला तो बाकावर बसलाच नाही. सरळ माझ्या टेबलापुढे उभा राहिला.

"साहेब, उद्या तो नदीवर येते."

"कशावरून?"

"गेल्या साली बी आलता. तोंडाले दुपट्टा बांधून गर्दीत मागंमागं चालत होता. मले वाटलं भास झाला. मंग चालीवरून वयखला. देवाचं त्याले चुकवता येत नाई."

"गेल्या वर्षीच का नाही सांगितलंस?"

त्यानं उजव्या हातानं डावा उचलून टेबलावर ठेवला. "हिंमत नाई झाली. आता झाली. मले त्याले बेड्या घातलेलं पाहाचं हाय. माहा हात त्यानं खाल्ला, साहेब."

खबर देणारा स्वतः फिर्यादीच असला की मी दोनदा विचार करतो. रागात माणसाला नको तिथे आरोपी दिसतो. तरी मी ज्या ठाण्याच्या हद्दीत नदीकाठ येतो तिथल्या ठाणेदाराला कळवलं आणि साध्या कपड्यांतली माणसं भगवे दुपट्टे गळ्यात घालून गर्दीत सोडली. मीही अनवाणी निघालो. बंदोबस्ताला बूट घालून जायची सवय, तळपायांनी माझा चांगलाच समाचार घेतला.

धाकट्याशी ठरलं ते असं. तो घाटापासून जरा बाजूला, सगळ्यांना दिसेल असा पाण्यात उतरणार. थोरला नजरेस पडला की उजव्या हातानं कपाळ पुसणार. तीच आमची खूण.

पूर्णा भरून चालली होती. आमच्या या नदीचे काठ दगडाचे नाहीत, चिकण मातीचे आहेत, ओले झाले की साबणासारखे. घाटावर गर्दी, ढोल, महादेवाचा गजर, कानाला काही ऐकू येईना. धाकटा गुडघाभर पाण्यात उभा होता. मी त्याच्यावर नजर ठेवून होतो. त्यानं मान वळवून काठाकडे पाहिलं, हात कपाळाकडे नेला आणि पायाखालची माती सुटली. तो सरळ आत गेला. डोकं एकदा वर आलं, उजवा हात वर आला, आणि ओढीनं त्याला वळणाकडे नेलं.

बाया किंचाळल्या. आमचे दोघे शिपाई पाण्यात शिरले आणि छातीपर्यंत जाऊन मागे फिरले. पुढे जाणं शक्यच नव्हतं. आम्ही काठानं धावत सुटलो. पण नदी वळणावर जाते तिथे बाभळीचं रान आहे, काटेरी, वाट नाही. अनवाणी पायांनी त्या रानातून जायला जो वेळ लागला त्यात मी मनात मरणोत्तर पंचनाम्याची तयारी करून टाकली होती. त्याच्या बायकोला काय सांगायचं, हेही मनात येऊन गेलं. त्याला पाण्यात उभं राहू देणारा मीच होतो.

तेवढ्यात पुढून कोणी तरी ओरडलं, "इकडं! इकडं हाय!" आवाजाच्या दिशेनं गेलो. ओरडणारा दिसला नाही. काठावरून एक बाभूळ पाण्यावर ओणवी झालेली होती. तिच्या खोडाला धाकटा लटकत होता. काखेखालून त्याचाच भगवा दुपट्टा गेलेला, त्याचं टोक खोडाला बांधलेलं. कमरेपर्यंत पाण्यात, मान छातीवर, पण श्वास चालू. काठ एवढा उभा आणि निसरडा की एकट्या माणसाला त्याला वर ओढणं जमलंच नसतं. दुपट्टा नसता तर तो पुन्हा वाहून गेला असता.

मागून आलेल्या लोकांनी पाहिलं आणि हात जोडले. "महादेवानं बांधून ठेवला!" एक म्हातारी तर चिखलातच नाक घासायला लागली. लोकांनी चाकूनं दुपट्टा कापून त्याला वर घेतलं, उपडं करून पाणी काढलं. खोकला आल्यावर त्यानं डोळे उघडले आणि पहिला शब्द काढला तो महादेवाचाच.

लोक त्याला उचलून घेऊन गेले. मी मागे राहिलो, कारण खोडावर दुपट्ट्याचा तुकडा राहिला होता. दोन वेढे आणि शेपूट पोटाखालून उलटं. मी तो तुकडा गाठीसकट खोडाच्या मोडक्या टोकावरून सरकवून काढला आणि पंचांसमक्ष पुडीत बांधला. पंच माझ्याकडे असे पाहत होते, जणू मी प्रसाद जप्त करतोय.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्याचा जबाब घेतला.

"तू काठाकडे पाहिलंस. हात कपाळाला नेलास. तो दिसला होता ना?"

"घाम आलता."

"पाण्यातून कोणी काढलं?"

"महादेवानं."

"दुपट्टा कोणी बांधला?"

"महादेवानं."

माझा रायटर लिहिता लिहिता थांबला आणि गंभीर तोंडानं म्हणाला, "साहेब, साक्षीदार म्हून घ्याचं का त्यायले? पत्ता काय लिहू?" एरवी मी हसलो असतो. त्या दिवशी त्याच्यावर खेकसलो. ज्या माणसानं स्वतः खबर दिली, ज्याला भावाच्या हातात बेड्या पाहायच्या होत्या, तोच आता तोंड शिवून बसला होता. मी जबाबात त्याचं म्हणणं जसंच्या तसं लिहून घेतलं, त्याची सही घेतली आणि निघालो. माणूस खोटं बोलत असला की काही तरी जादा सांगतो. हा एक शब्दही जादा बोलत नव्हता.

दवाखान्यातून घरी सोडल्यावर मी त्याला ठाण्यात बोलावलं. टेबलावर मुद्देमालाच्या खोलीतली कावड आडवी ठेवली होती. शेजारी पुडी उघडून दुपट्ट्याची गाठ ठेवली. मी काहीच विचारलं नाही. संशयिताला पुरावा दाखवायचा आणि आपण गप्प राहायचं, ही जुनी पद्धत. पण तो संशयित नव्हता आणि मलाही ते करताना बरं वाटत नव्हतं.

त्यानं आधी कावडीवरच्या गाठीवर उजवा हात ठेवला, मग दुपट्ट्याच्या. डावा हात मांडीवर पडून होता.

"एका हातानं होत नाही म्हणाला होतास," मी म्हणालो.

तो रडायला लागला. ठाण्यात रडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. बहुतेक जण आजूबाजूला कोण पाहतंय याकडे लक्ष ठेवून रडतात. याला कशाचंच भान नव्हतं.

"साहेब, त्यानं मांगून येऊन माहे केस धरले. मी वयखलं त्याले. मले वाटलं, आता हा पुरता मारते मले. राह्यलेलं काम कराले आला. मी त्याच्या हाताले चावलो, साहेब. दात रुतेपरेंत चावलो. त्यानं केस सोडले नाईत. कानात म्हने, गुमान राह्य, तुले आजोबाची आन हाय."

"मग माझ्याशी खोटं का बोललास?"

"खोटं नाई बोललो." तो एकदम ताठ झाला. "नदीवर एवढं मानूस होतं. पट्टीचे पोहनारे होते. तुमचे शिपाई होते. उडी त्यानंच काहून टाकली? ज्याले मी धरून द्याले बसलो होतो, त्यानंच काहून? मले सांगा ना तुमी. पानी पाहून सारे थांबले, तो काहून नाई थांबला? हे महादेवाचं नाई त कोनाचं हाय?"

मी पाणी मागवलं, त्याला पाजलं आणि मग ठाणेदार म्हणून जे सांगायचं ते सांगितलं. गुन्हा माफ करणं त्याच्या हातात नाही आणि माझ्याही नाही. हे प्रकरण सरकार विरुद्ध थोरला असं आहे. आम्ही आज ना उद्या थोरल्याला पकडणार. पकडून आणला तर फरारी म्हणून कोर्टात उभा राहील, जामिनाचंही कठीण. आपल्या पायानं आला तर हजर झाला अशी नोंद होईल, आणि न्यायाधीश ती नोंद वाचतात.

"तो कुठे आहे ते तुला माहीत आहे का, हे मी विचारत नाही," मी म्हणालो.

"मले माहीत नाई," तो म्हणाला. मग उठता उठता म्हणाला, "वैनीले इचारतो." थोरल्यानं डोकं फोडल्यापासून त्यानं त्या घराचा उंबरा चढला नव्हता.

त्यानंतर काही दिवस काहीच घडलं नाही. वरून फोन येत होते, फरारी आरोपींचा आढावा मागत होते. मी "प्रयत्न चालू आहेत" असं सांगत होतो. एका दुपारी मी ठाण्याच्या दारात उभा असताना समोर धारणीकडून येणारी एसटी थांबली. आधी धाकटा उतरला. मग मागे वळून त्यानं हात पुढे केला, तोच निकामी डावा हात, आणि त्याच्या मागून दाढी वाढलेला, वाळलेला एक माणूस खाली आला. दोघे रस्ता ओलांडून आले. थोरला माझ्यासमोर येऊन म्हणाला, "मी तो." बस, एवढंच.

अटकेची रीतसर कारवाई झाली. कोठडीत टाकण्याआधी आरोपीची वैद्यकीय तपासणी करावी लागते, अंगावरच्या खुणा लिहाव्या लागतात. त्याच्या उजव्या हातावर, कोपराच्या खाली, दातांची खूण होती. वरच्या-खालच्या दातांची रांग स्पष्ट उमटलेली, खपली धरलेली. डॉक्टरांनी विचारलं, हे काय? थोरला म्हणाला, "काई नाई, लागलं कशाचं तरी." बाहेर व्हरांड्यात उभा असलेला धाकटा तिथूनच बोलला, "मी चावलो, डॉक्टरसाहेब. लिहा." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, लिहा.

मी थोरल्याला विचारलं, पाण्यात का उतरलास? पकडला जाशील हे ठाऊक नव्हतं?

"तो बुडून राहिला होता," तो म्हणाला. जणू मीच काही तरी विचित्र विचारलं होतं. मग खाली पाहून म्हणाला, "आन एका हातानं त्याले पोहता येत नाई. तो हात माह्यानंच गेला."

खटला चालला. धाकटा साक्षीला उभा राहिला तेव्हा मला धाकधूक होती की भावाला वाचवायला तो फितूर होईल. तो झाला नाही. काठी कोणी मारली? "त्यानंच, मागून." मग आरोपीच्या वकिलानं नदीचा विषय काढला आणि धाकट्याला विचारलं, पाण्यातून तुला कोणी वाचवलं? "त्यानंच." सरकारी वकील उठले, दवाखान्यातला जबाब पुढे केला. तू तर पोलिसांना महादेवानं वाचवलं असं सांगितलं होतंस. मग खरं कोणतं?

"दोनी," धाकटा म्हणाला.

कोर्टात कोणी हसलं नाही. न्यायाधीशांनी ते उत्तर आहे तसं टिपून घ्यायला सांगितलं.

शिक्षा झाली. व्हायलाच हवी होती. डोकं फोडलेल्याचा हिशेब नदीत मिटत नाही, हे मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो. मात्र हजर होणं आणि पाण्यातली ती उडी, दोन्ही निकालपत्रात आली आणि शिक्षा सौम्य झाली. थोरला ती भोगून बाहेर आला तोवर मी निवृत्त झालो होतो.

एके दिवशी धाकट्याचा फोन आला. "साहेब, कोर्टानं कावड वापस देली. ठाण्यातून घ्याची हाय. तुमी या ना."

मी अमरावतीहून एसटीनं गेलो. ज्या ठाण्यात माझ्या खुर्चीपुढे लोक उभे राहत, तिथे मी बाहेरच्या बाकावर बसलो. नव्या ठाणेदारानं ओळखून चहा पाजला, बिचाऱ्याला वाटलं मी काही शिफारस घेऊन आलोय. हवालदारानं कावड आणून अंगणात ठेवली. भरणे काळे पडले होते. गाठी तशाच्या तशा होत्या.

दोघे भाऊ तिच्यापाशी उभे राहिले आणि बराच वेळ कोणी हात लावीना. शेवटी धाकटा म्हणाला, "दादा, तू पुढं हो."

"नाई. तू हो पुढं."

"मोठा तू हायेस."

"असू दे. तू मले समोर दिसला पायजे."

धाकटा वाकला, पुढच्या टोकाखाली खांदा दिला आणि उभा राहिला. आपल्या भावाकडे त्याची पाठ होती. याच कावडीखाली, अशीच पाठ असताना, त्याच भावानं त्याचं डोकं फोडलं होतं. मी बाकावरून त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. मागे कोण आहे हे पाहायला त्यानं मान वळवली नाही.

मी देवभोळा माणूस नाही. नोकरीत "देवानं वाचवलं" हे वाक्य मी शेकड्यानं ऐकलं, आणि बहुतेक वेळा पुढचा प्रश्न टाकून मोकळा झालो. या प्रकरणानं मला एवढं शिकवलं की मरणाच्या दारातून आलेला माणूस असं बोलतो तेव्हा ते खोडायची घाई करू नये. पाण्यात कोण उतरलं हे मी शोधून काढलं, ते माझं काम होतं. त्याला कोणी उतरवलं, याचा तपास माझ्या हद्दीत नव्हता.

दोघे फाटकातून बाहेर पडले आणि रस्त्याला लागले. मी उठून उभा राहिलो. ते वळणाआड जाईपर्यंत धाकट्यानं एकदाही मागे पाहिलं नाही.